टूसॉन ते अल्बुकर्की, ४९७ किलोमीटर: पृष्ठलहरींच्या प्रकल्पाच्या नोंदी

दोन भूकंपमापक ठाण्यांमधल्या जमिनीखाली काय आहे ते फक्त रॅले लहरींवरून (जमिनीच्या पृष्ठालगत धावणाऱ्या एका प्रकारच्या लहरींवरून) काढायचं, एवढाच प्रकल्प. लहरीचा आवर्तनकाल जितका लांब, तितकी ती खोलवरचा खडक चाचपते. खोलवरचा खडक बहुतेकदा जास्त वेगाचा असतो, म्हणून लांब लहरी आधी पोचतात. हा फरक मोजून कवच आणि वरच्या प्रावरणातले वेग मांडायचे. सिद्धान्त पुस्तकांत भरपूर आहे. इथे काय बिघडलं आणि किती दिवस गेले, ते लिहिते आहे.

डेटा फुकट, ऑब्सपाय (भूकंपडेटा हाताळायला) आणि डिस्बा (थरांवरून लहरींचे वेग काढायला) या पायथन लायब्रऱ्याही फुकट. खर्च झाला तो वेळेचा. दोन आठवडे धरले होते, सहा लागले.

४ जून

ठाणी ठरली: अ‍ॅरिझोनातलं टीयूसी (टूसॉन) आणि न्यू मेक्सिकोतलं एएनएमओ (अल्बुकर्की). दोन्ही आययू या जागतिक जाळ्यातली, दोन्ही जुनी, आणि मधलं अंतर सुमारे ४९७ किमी. भूकंपाची वाट न पाहता समुद्राच्या सततच्या गोंगाटावरून वेग काढायचा तर अंतर निदान तीन तरंगलांब्यांचं हवं, असा दंडक आहे. म्हणजे या जोडीवर साधारण ४० सेकंदांपर्यंत जाता येईल. वर्ष घेतलं २०१०. का, तर शिकवण्यांमध्ये सगळे तेच वापरतात. या आळशीपणाची किंमत ९ तारखेला मोजावी लागली.

पहिली चूक आजच झाली. बीएचझेड वाहिनी मागवली, म्हणजे सेकंदाला वीस किंवा जास्त नमुने. दिवसभर उतरवणं चाललं होतं आणि संध्याकाळपर्यंत मार्चसुद्धा आला नव्हता. मला ५ सेकंदांखालचं काहीच नको आहे! एलएचझेड, सेकंदाला एक नमुना, पुरते. ती मागवली आणि रात्री जेवून येईपर्यंत दोन्ही ठाण्यांचं अख्खं वर्ष उतरलं होतं.

६ जून

डेटा स्वच्छ करण्यात दोन दिवस गेले. तीन गोष्टी.

एक: ठाण्याच्या नावापुढे ०० आणि १० असे स्थान-संकेत असतात. ते एकाच जागेवरचे दोन वेगळे संवेदक. मी संकेताच्या जागी फुली टाकून सगळंच मागवलं आणि कोडमध्ये 'पहिला माग (एका संवेदकाची नोंद) घे' असं लिहिलं. ज्या दिवशी ०० अपुरा होता, त्या दिवशी गुपचूप १० वापरला गेला. दोघांचा प्रतिसाद, म्हणजे जमिनीची हालचाल आकड्यांत उतरवण्याची तऱ्हा, वेगळा, आणि मी दोन्हींना ०० चाच प्रतिसाद लावत होते. आता फक्त ००. दिवस अपुरा असेल तर सोडून द्यायचा.

दोन: संवेदकाचा प्रतिसाद काढताना आधी गाळणी लावली नाही. फार लांब आवर्तनकालांना संवेदक जवळजवळ बहिरा असतो. त्या नगण्य संख्येने भागलं की उरतो तो नुसता हेलकावा, तासातासाच्या लाटा. ०.००५ ते ०.४ हर्ट्झची मर्यादा घातल्यावर माग ताळ्यावर आला.

तीन, आणि ही लवकर दिसत नाही: नमुने पूर्ण सेकंदावर पडत नाहीत. २७ फेब्रुवारीला एएनएमओचा नमुना सेकंदाच्या ०.०६९५३८ भागावर पडतो. टीयूसीचा त्याच भागावर पडेल अशी कुठलीच हमी नाही. मी फक्त नमुन्यांचे क्रमांक जुळवून ओळी समोरासमोर ठेवत होते, म्हणजे अर्ध्या सेकंदापर्यंत चूक. एका ठाण्याहून दुसऱ्यापर्यंतच्या सुमारे १६५ सेकंदांच्या प्रवासात ती ०.३ टक्के. आज ती बारीक वाटते, पण शेवटी आपण ३-४ टक्क्यांच्या फरकावर बोलणार आहोत. दोन्ही माग एकाच वेळपट्टीवर इंटरपोलेट केले.

जाता जाता: दिवसाच्या दोन्ही टोकांना ५ टक्के उतार दिला, म्हणजे माग हळूहळू शून्यावर आणला, तर प्रत्येक टोकाची ७२ मिनिटं वाया जातात. म्हणून दिवस कापताना आधीचा आणि नंतरचा दीड-दीड तास जास्त घ्या, उतार त्या जादा भागात द्या, मग तो छाटून टाका.

९ जून

पहिलं क्रॉस-कोरिलेशन: एका ठाण्याचा माग दुसऱ्यावर सरकवत किती सेकंदांच्या फरकाने दोन्ही जुळतात ते पाहायचं. अपेक्षा अशी: धन बाजूला, म्हणजे टीयूसीकडून एएनएमओकडे जाणाऱ्या लहरींसाठी, १६५ सेकंदांच्या आसपास एक लहरगट. ऋण बाजूला तसाच आरशातला.

आलं भलतंच. १७ सेकंदांच्या आसपास एक भला थोरला उंचवटा आणि १५० च्या जरा अलीकडे दुसरा. पहिला तर अशक्यच, कारण ४९७ किमी १७ सेकंदांत म्हणजे सेकंदाला २९ किमी. दुसऱ्याने मात्र मला संध्याकाळभर खेळवलं. ४९७ भागिले १४९ म्हणजे ३.३४ किमी/से. अगदी विश्वासार्ह आकडा! 'थोडा जास्त आहे, पण असेल बुवा इथलं कवच वेगवान,' असं म्हणून मी पुढे निघालेसुद्धा होते.

सवय म्हणून एकेका दिवसाचं कोरिलेशन उलगडून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. १७ सेकंदांचा सगळा उंचवटा २७ फेब्रुवारीचा, चिलीतल्या मौलेच्या ८.८ च्या भूकंपाचा. दोन्ही ठाणी तिथून जवळपास सारख्याच अंतरावर, पृथ्वीच्या केंद्रापाशी मोजलेले सुमारे ७७ अंश. फरक साठेक किलोमीटरचा, म्हणून लहर टीयूसीला आली आणि १७ सेकंदांत एएनएमओला. दुसरा उंचवटा ४ एप्रिलचा, बाहा कॅलिफोर्नियातला ७.२ चा एल मायोर-कुकापा आणि त्यामागचे धक्के. तिथून टीयूसी सुमारे ४२५ किमी आणि एएनएमओ सुमारे ८७० किमी. फरक ४४५ किमीचा, आणि मी भागत होते ४९७ ला. लहर ठाण्यांच्या रेषेत न येता तिरकी आली की आभासी वेग नेहमी जास्तच निघतो.

वर्षभराच्या बेरजेत दोन दिवसांनी बाकीच्या सगळ्या दिवसांचा आवाज दाबून टाकला होता.

१२ जून

भूकंपांचा आवाज दाबायचा उपाय माहीतच होता, मी आळस केला होता. प्रत्येक नमुन्याला त्याच्या आजूबाजूच्या खिडकीतल्या सरासरी निरपेक्ष मूल्याने भागायचं. खिडकी सर्वांत लांब आवर्तनकालाच्या निम्मी धरतात. भूकंप आला की भाजकही फुगतो आणि भूकंपाचं वजन उतरतं. बारीकसारीक खाचा अशा की हे वजन १५ ते ५० सेकंदांच्या पट्ट्यात गाळलेल्या मागावरून ठरवावं. मूळ मागावरून ठरवलं तर समुद्राच्या ७ सेकंदांच्या मोठ्या गोंगाटाखाली मध्यम भूकंप लपून राहतात आणि तसेच सुटतात.

आता १६५ च्या आसपास खरा लहरगट दिसतो. पण ऋण बाजूला एक विचित्र प्रकार: बराच वेळ एकसुरी झुलत राहणारी लहर, आवर्तनकाल २६ सेकंद. यंत्राचा दोष समजून अर्धा दिवस प्रतिसाद तपासण्यात घालवला, म्हणजे साप समजून भुई धोपटणं झालं. ही लहर गिनीच्या आखातातून येते. तिथला २६ सेकंदांचा स्रोत १९६०च्या दशकापासून माहीत आहे आणि तो जगभरच्या ठाण्यांवर ऐकू येतो. माझ्या दुर्दैवाने तो या जोडीच्या जवळपास रेषेत पडतो. आधी एएनएमओ, मग टीयूसी, अंतराचा फरक सुमारे ४५५ किमी. म्हणजे पुन्हा तेच: जरा तिरका, जरा लवकर, आणि आकडा पटेल असा.

स्पेक्ट्रम सपाट केला, म्हणजे सगळ्या वारंवारतांना सारखं वजन दिलं. तो झोका उरला, पण नावापुरता. क्रम लक्षात ठेवा: आधी वेळेतलं वजन उतरवायचं, मग स्पेक्ट्रम सपाट करायचा. मी एकदा उलट केलं आणि मौले परत आला.

१५ जून

बेरीज. एका महिन्यात ८ ते २० सेकंदांचा भाग स्वच्छ दिसतो. ३० सेकंदांपुढे वर्षभराची बेरीज लागतेच. गोंगाट दिवसांच्या वर्गमुळाच्या हिशेबाने उतरतो, म्हणजे बारापट दिवस घेतले तर साडेतीन पट फायदा. फार उदार सौदा नाही.

धन बाजू ऋण बाजूपेक्षा ठळक आहे. पॅसिफिक नैर्ऋत्येला पडतो, म्हणजे टीयूसीच्या मागे. दोन्ही बाजूंची सरासरी घेऊन पुढे.

१८ जून

ग्रुप वेग, म्हणजे अख्ख्या लहरगटाचा वेग. अरुंद गाळण्यांची माळ लावायची आणि प्रत्येक गाळणीत लहरगटाचा माथा कधी येतो ते पाहायचं. ही रीत १९६९ सालापासूनची. गाळणीची रुंदी अंतराबरोबर बदलावी लागते. मी कुठल्याशा उदाहरणातली ४००० किमीची रुंदी, अल्फा (रुंदी ठरवणारा आकडा) १००, तशीच उचलली. माथा इतका पसरला की वीस सेकंद इकडेतिकडे कुठेही बोट ठेवावं. ५०० किमीला १२ च्या आसपास बरी बसते. २० सेकंदांना ३.० किमी/से.च्या जवळ ग्रुप वेग आला, तो ठीक.

२१ ते २८ जून

हा आठवडा फेज वेगाने, म्हणजे लहरगटातल्या एकेका शिखराच्या वेगाने, खाल्ला. प्रकल्पातली सर्वांत महाग चूक इथली.

फेज मोजताना किती पूर्ण आवर्तनं झाली ते कळत नाही. ४० सेकंदांना हा प्रश्न सोपा आहे. एक आवर्तन इकडेतिकडे केलं तर वेग ३.७ ऐवजी ५.३ किंवा २.९ येतो, दोन्ही हास्यास्पद. ८ सेकंदांना मात्र ३.०, ३.२ आणि ३.४ असे तीन उमेदवार तितक्याच तोऱ्यात उभे राहतात. म्हणून लांब टोकाकडून सुरुवात करून वक्र न तोडता छोट्या आवर्तनकालांकडे यायचं. हे मी नीट केलं.

आलेला वक्र सुरेख होता. २० सेकंदांना ३.५४, ४० ला ३.८६. एके१३५ या जागतिक प्रमाण मॉडेलवरून काढलेल्या वक्राजवळच जाऊन बसला. मी तो एका जुन्या सहकाऱ्याला दाखवला. त्याने वक्राकडे पाहिलंही नाही.

"उत्तर आधीच माहीत आहे अशा कशावर हा कोड चालवलास का?"

"ग्रुप वेगाशी पडताळलाय. फेज वक्रावरून ग्रुप काढला, तो मोजलेल्याशी जुळतो."

"ते सोड. आधी माहीत असलेल्यावर चालव."

मनातून राग आला, पण केलं. दोन बिंदू, ४९७ किमी अंतर, भोवती वर्तुळात हजारो गोंगाटाचे स्रोत, आणि माध्यमाचा वेग सगळ्या आवर्तनकालांना एकच, ३.५. म्हणजे उत्तर आडवी सरळ रेष यायला हवी. कोडने २० सेकंदांना ३.५६ सांगितला आणि ४० ला ३.६३. ज्या माध्यमात डिस्पर्शन (आवर्तनकालानुसार वेग बदलणं) नाहीच, त्यात माझ्या कोडने ते तयार केलं होतं.

कारण: चारी बाजूंनी गोंगाट येतो तेव्हा कोरिलेशनचा स्पेक्ट्रम बेसेल फलनासारखा वागतो (आकी यांनी हे १९५७ मध्येच मांडलं) आणि दूर अंतरावर त्याची फेज पाव-पायने (π/४ ने) मागे असते. तो पाव-पाय मी मिळवलाच नव्हता. वेळेत मोजलं तर आवर्तनकालाचा आठवा भाग: २० सेकंदांना अडीच सेकंद, ४० ला पाच. चूक आवर्तनकालाबरोबर वाढते, म्हणून वक्र वाकडा न होता डौलदार वर चढतो.

आणि माझा पडताळा? तो फसवा होता. ग्रुप वेग फेजच्या उतारावरून निघतो, फेजमध्ये स्थिर संख्या मिळवली तरी उतार तोच राहतो. ही चूक त्या पडताळ्याला दिसूच शकत नाही. आवर्तनांची मोजणी चुकली तरी नाही. मी कुलूप तपासत होते आणि दार भलतंच होतं.

दुरुस्तीनंतर २० ला ३.४८ आणि ४० ला ३.७२. पुस्तकी वक्राशी जुळणं गेलं. दुसऱ्या रीतीने, स्पेक्ट्रमच्या वास्तव भागाचे शून्यबिंदू बेसेलच्या शून्यबिंदूंशी जोडूनही तपासलं. तेच आकडे आले. म्हणजे इथलं खोलवरचं काहीतरी खरोखरच मंद आहे, आणि नेमकं तेच मी चुकीने झाकून ठेवलं होतं.

३ जुलै

४० सेकंदांवर थांबलं तर प्रावरणाचा फक्त वरचा पदर दिसतो. पुढे जायला भूकंप हवा, आणि तो दोन्ही ठाण्यांच्या रेषेतच हवा. टीयूसीवरून मागे पाहिलं तर रेष नैर्ऋत्येला २३२ अंशांवर जाते. आधी टोंगा धरला, पण तो सात-आठ अंश बाजूला. नकाशावर खाली सरकत गेले तर केर्माडेक. ६ जुलै २०११ चा ७.६ चा भूकंप रेषेवर इतका चपखल बसला की अंशाच्या दशांशापर्यंत जुळला. नव्वदेक अंश दूर, म्हणजे लहर इकडे यायला पाऊण तास. दोन्ही ठाण्यांवर एकच लहर, एकामागोमाग. भूकंपाची स्वतःची फेज वजाबाकीत कटते, आणि पाव-पायची भानगड इथे नाही. (सवयीने मिळवला, मग काढला. अर्धा तास.)

३० ते ४० सेकंदांच्या पट्ट्यात दोन्ही रीतींचे वेग अर्ध्या टक्क्याच्या आत जुळले. रीती वेगळ्या, वर्षं वेगळी, लहरींचा स्रोत वेगळा. सगळ्या प्रकल्पात मला मनापासून विश्वास वाटला तो या जुळण्यावर. २५ सेकंदांखाली मात्र केर्माडेकचा वक्र दातेरी आहे. एवढ्या प्रवासात छोट्या लहरी वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकींत मिसळतात. तो भाग टाकून दिला. वर १०० सेकंदांपर्यंत जाता आलं.

५ ते १३ जुलै

वक्रावरून खोली. पहिल्या प्रयत्नात ५ किमीचे थर, एकाखाली एक, सगळे मोकळे. वक्र इतका जुळला की मोजमापाची त्रुटीसुद्धा जुळली. मॉडेल मात्र करवतीसारखं: ३.१, मग ३.९, मग ३.३. असा खडक कुठे नसतो. थर कमी केले, कवचाचे तीन आणि प्रावरणाचे चार, आणि शेजारच्या थरांत फार फरक पडला तर दंड.

डिस्बाला मधेच खाली मंद आणि वर वेगवान असे विचित्र थर मिळाले की त्याला मूळ सापडत नाही आणि तो त्रुटी फेकतो. ती त्रुटी मी पकडली नव्हती. रात्री लावलेलं गणित पहिल्या वीस मिनिटांतच बंद पडलं होतं आणि मी सकाळी चहा घेऊन उत्तर बघायला बसले. अशी मॉडेल सोडून पुढे जा, एवढं दोन ओळींत लिहावं लागतं.

मोहोची, म्हणजे कवच आणि प्रावरण यांच्यातल्या सीमेची, खोली मात्र निसटली. ३० किमीवरून सुरुवात केली तर ३१ च्या जवळ, ३८ वरून केली तर ३७ च्या जवळ, आणि दोन्ही वक्राला सारख्याच बसतात. पातळ कवच आणि मंद खालचा थर, किंवा जाड कवच आणि वेगवान खालचा थर: पृष्ठलहरींना दोन्ही एकच. त्या थरांची सरासरी सांगतात, शिवण कुठे आहे ते सांगत नाहीत. एक दिवस थर हलवण्यात घालवला आणि मग सोडून दिलं. रिसीव्हर फंक्शन (अशा सीमेवर रूप बदलणाऱ्या लहरींवरून तिची खोली काढायची रीत) जोडल्याशिवाय हा वाद सुटणार नाही.

जे सुटलं नाही ते सोडलं तर एक गोष्ट प्रत्येक सुरुवातीपासून तीच येते: मोहोखालून सुमारे १२० किमीपर्यंत एस-लहरीचा वेग ४.२ ते ४.३ किमी/से. एके१३५ मध्ये तिथे ४.५ च्या जवळ आहे. पश्चिम अमेरिकेखालचं प्रावरण उष्ण आणि मंद आहे, हे आधीच्या अभ्यासांतून माहीत असलेलंच. माझं उत्तर नवं नाही. पण ते ३.८६ च्या वक्रावरून आलं नसतं.

१६ जुलै

लव्ह लहरींचा, म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पृष्ठलहरींचा, प्रयत्न. आडवे घटक मागवताना एलएचएन आणि एलएचई लिहिलं, काही काळाचे मिळाले, काही काळाचे नाही. जिथे संवेदक उत्तर-पूर्वेला बसवलेला नाही तिथे वाहिन्यांची नावं एलएच१ आणि एलएच२ असतात, आणि खरी दिशा मेटाडेटातल्या अझिमथमध्ये (उत्तरेपासूनच्या कोनात). मी १ म्हणजे उत्तर असं धरून फिरवलं आणि लव्हच्या जागी रॅलेच आली.

आता दिशा वाचून पुन्हा फिरवते आहे. दोन्ही आडव्या घटकांना वेळेतलं वजन एकच लावायचं आहे, नाहीतर फिरवण्याला अर्थ राहत नाही. वर्तुळातल्या स्रोतांची चाचणी या वेळी आधी लावली आहे. ती चालू आहे, अजून चाळीस मिनिटं दाखवतेय.